सुज्ञ, सज्ञान की शहाणा? मतदाराची नेमकी कसली परीक्षा?

घोडबंदरवाली:
आमच्या सोसायटीत (ठाणे, घोडबंदर रोड) २६ जानेवारीला वक्तृत्व स्पर्धा असते. यंदा कमिटीने विषय इंग्रजीतून पाठवला आणि मराठी गटासाठी भाषांतर माझ्या गळ्यात घातलं. विषय असा, की मत द्यायच्या आधी मतदाराला इंटेलिजन्स टेस्ट पास व्हायला लावावं का. मी लिहिलं, 'मतदार सुज्ञ असल्याची परीक्षा घ्यावी का?' बी विंगमधले काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "सुज्ञ नव्हे गं, सज्ञान लिही." मी म्हटलं, काका, सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण. तर म्हणे, "ते कोर्टाचं. आमच्या आईच्या तोंडी सज्ञान म्हणजे समज आलेला." सातव्या मजल्यापर्यंत वाद झाला, मग ते उतरले. 'बुद्धिमत्ता चाचणी' म्हटलं की मला स्पर्धा परीक्षेच्या क्लासची पाटी दिसते. बॅनर परवा छापायला जातोय. काय लिहू?

कीसकाढू:
काकांचं बरोबर आहे. 'शहाणा' हा 'सज्ञान'चाच घरात वापरून गुळगुळीत झालेला अवतार, हिंदीतला 'सयाना' त्याचा सख्खा भाऊ. सज्ञान कोर्टात गेला आणि नुसता वयापुरता उरला. शहाणा घरी राहिला आणि त्याचा दीडशहाणा झाला. तेव्हा 'मतदार शहाणा हवा का?' असं लिहा. स्तुती की टोमणा ते श्रोते ठरवतील.

निवृत्त_कारकून:
कोर्टातला सज्ञानही सरळ नव्हता. १८७५ च्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान, पण मताला एकवीस पूर्ण लागत. मी १९८५ मध्ये अठरा झालो. वडील गेल्यावर कळव्याच्या खोलीच्या कागदांवर माझी सही चालली, मत मात्र चालत नव्हतं. मताचं वय अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली, आणि त्या नोव्हेंबरात लोकसभेला मी बावीस वर्षांचा आणि धाकटा भाऊ नुकता अठराचा, दोघं एकाच रांगेत पहिलं मत द्यायला उभे. तो अजून ऐकवतो. बाकी घटनेच्या ३२६ व्या कलमात वय आहे, रहिवास आहे, गुन्हा आहे, मन ठिकाणावर नसणं आहे (तेही कोर्टाने ठरवलेलं लागतं, शेजाऱ्याने नव्हे). अक्कल कुठेच नाही.

शुद्धमराठी:
'अक्कल' अरबी आहे. इंटेलिजन्सला 'प्रज्ञा' हा नेमका शब्द असताना परक्या दारात का जायचं? 'मतदारांची प्रज्ञापरीक्षा' लिहावं.

सानपाडा_लोकल:
म्हणजे आमच्या आजीला स्कॉलरशिप मिळणार.

कीसकाढू:
सावरकरांनी 'महापौर' दिला, आपण घेतला. अरबांनी 'अक्कल' दिली, तीही घेतली. आता अक्कलदाढ दुखली तर डेंटिस्टला प्रज्ञादंत दाखवणार का?

शुद्धमराठी:
विनोद करणं सोपं असतं.

सानपाडा_लोकल:
माझा खरा प्रश्न 'अडाणी'चा. माझे वडील माथाडी, जावळीतून आले, उभं आयुष्य वाशीच्या मार्केटात. कोणी काही विचारलं की म्हणणार, "आम्ही अडाणी माणसं, तुम्हीच बघा." एकदा लहानपणी मला फळबाजारात नेलं होतं. दोन माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत होती, तोंडाने अवाक्षर नाही, आणि आंब्याचा भाव ठरला. त्याला हत्ता म्हणतात. मी विचारलं, काय ठरलं? वडिलांनी नुसते चेहरे बघून आकडा सांगितला, आणि नंतर तो बरोबर निघाला. या माणसाला तुम्ही निरक्षर म्हणाल, अशिक्षित म्हणाल, पण ते स्वतःला अडाणी म्हणवतात. तिन्ही एकच का? माझ्या मते ज्याचं लोकांत अडतं तो अडाणी. फॉर्म भरताना अडतं, बँकेत अडतं.

कीसकाढू:
'अडणे'शी काही संबंध नसावा. मला तो 'अज्ञान'च्या घरातला वाटतो, 'अजाण'चा चुलतभाऊ.

सानपाडा_लोकल:
वाटतो म्हणजे तुमचंही वाटणंच. माझं वाटणं निदान बँकेच्या रांगेत उभं राहून आलंय.

ऐरोलीची:
भांडा तुम्ही. मला 'मतदार' शब्दच फार आवडतो. हिंदीत 'मतदाता', म्हणजे देणारा. आपल्याकडे 'दार' फारसी, जमीनदार-दुकानदारातला, म्हणजे बाळगणारा. दात्याची पात्रता लोक तपासतात, रक्तदात्याचं हिमोग्लोबिन बघतातच की. पण ज्याच्याकडे वस्तू आहेच त्याची कसली परीक्षा? दुकानदाराला कोणी विचारतं का, तू हुशार आहेस का म्हणून?

शुद्धमराठी:
मग 'मतदान'चं काय करणार? दान आलंच ना. 'मताधिकार बजावणे' हेच योग्य.

ऐरोलीची:
तसं कोण बोलतं? आमच्या गावठाणात म्हातारी माणसं 'मत टाकायला' जातात.

खडूफळा:
या 'टाकायला'वर मला बोलायचंय, शिक्षक असल्याने सहा निवडणुकांची ड्युटी केली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. लिहायचं नाही, खूण करायची नाही, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के आणि मतदार १७ कोटींच्या वर, म्हणून ही रचना. माणसाला परीक्षेला बसवण्याऐवजी पेटीच अशी केली, की वाचता न येणाऱ्याचं अडू नये. (सानपाडा, तुमचं 'अडणं' इथे चालेल.) नंतर एकच मतपत्रिका आली तेव्हा 'शिक्का मारा' आलं. २००४ पासून लोकसभेला देशभर यंत्रं आहेत, तरी प्रचारात शिक्काच मारतात. क्रियापद मागे राहतं.

गेल्या वेळी येऊरच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या आजी आल्या. नोंदवहीत डावा अंगठा उठवला, जांभळी शाई पदराला पुसली, बटण दाबलं आणि सात सेकंद वाकून काचेमागची चिठ्ठी पाहिली. त्यांच्या मागचे साहेब बटण दाबून बाहेर आले आणि मला विचारतात, ओके कुठे दाबायचं?

ऐरोलीची:
सर, अंगठेवाली आजी शहाणी आणि साहेब बावळट, ही गोष्ट दर निवडणुकीला ऐकते. माझी आत्या निरक्षर होती आणि सरपंच सांगेल तिथे बटण दाबायची. मी एमएस्सी आहे आणि लग्नापर्यंत बाबा सांगतील तिथे दाबलं. दोघींचे मार्क सारखेच.

निवृत्त_कारकून:
अशी गाळणी आपल्याकडे होऊन गेली आहे. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याखाली मत मालमत्तेवर, करावर, शिक्षणावर होतं. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये इंग्रज सरकारच्या साऊथबरो समितीपुढे मताधिकाराच्या अटी खाली आणायला सांगितलं, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे थेट प्रौढ मताधिकार मागितला. आणि उमेदवाराच्या शिक्षणाची अट आजही आहे. हरियाणातल्या पंचायतींची सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये वैध ठरवली. म्हणजे तिथे निवडून द्यायला शाळा नको, निवडून यायला मात्र शाळा हवी.

सातासमुद्रापार:
मी ठाण्याचाच, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत. इथे दक्षिणेकडच्या राज्यांत खरोखर परीक्षा होती. काळा माणूस आला की राज्यघटनेचं अवघड कलम पुढे करायचं, अर्थ सांग म्हणायचं, आणि उत्तर बरोबर की चूक हे टेबलामागचा गोरा कारकून ठरवणार. गोऱ्या अडाण्यांची सोय वेगळी. १८६६ च्या सुमारास आजोबांना मत होतं? मग नातवाला परीक्षा माफ! ती सवलत १९१५ मध्ये कोर्टाने मोडली, परीक्षांना आळा बसला तो १९६५ च्या कायद्याने. या सवलतीला मराठीत काय म्हणावं?

कीसकाढू:
आजेमाफी.

सानपाडा_लोकल:
'आजेमाफी' झकास. आमच्याकडे नगरसेवकाच्या तिकिटाला लावता येईल.

शुद्धमराठी:
'माफी' अरबी आहे. 'पितामहसवलत'.

कीसकाढू:
'सवलत' कुठली? तीही अरबीच. साक्षरांचं हे असं. उलटं वाचलं की राक्षसा, हे संस्कृतवाल्यांनीच लिहून ठेवलंय.

शुद्धमराठी:
व्यक्तिगत होऊ नका.

घोडबंदरवाली:
अहो, माझा बॅनर! काल शेवटी 'शहाणा' कमिटीने नाकारला, रहिवाशांना टोमणा वाटेल म्हणून. 'सज्ञान' मीच नाकारला. 'बुद्धिमत्ता'वर तडजोड झाली. आज छापून आला, गेटवर लागलाय, दहा फुटी: 'मतदाराला बुध्दीमत्ता परिक्षा हवी का?' एका ओळीत तीन चुका. 'द्ध' उलटा, 'धि' दीर्घ, आणि 'परीक्षा'ची 'री' ऱ्हस्व. बी विंगमधले काका खाली उभे राहून फोटो काढतायत.

कीसकाढू:
परीक्षा परि + ईक्षा, म्हणून दीर्घ. फ्लेक्सवाल्याला सांगा.

घोडबंदरवाली:
सांगितलं. तो म्हणाला, ताई, वाचता येतंय ना?

सातासमुद्रापार:
ते रुमालाखालचं 'हत्ता' कुठून आलं, हातावरून का?

शुद्धमराठी:
हस्त. उघड आहे.

सानपाडा_लोकल:
वडिलांना विचारतो. ते म्हणतील, आम्हाला काय ठाऊक.