डिग्री नसली तरी ब्लू कार्ड मिळतं

काही जण विचारतात की डिग्री नाही तर जर्मनीतल्या आयटी जॉबचा नाद सोडायचा का, तर अजिबात नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना डिग्रीशिवायपण ब्लू कार्ड (म्हणजे कुशल परदेशी लोकांना तिथे राहून नोकरी करायचा परवाना) मिळतं, गेल्या ७ वर्षांत किमान ३ वर्षांचा, डिग्रीवाल्याच्या तोडीचा आयटीतला अनुभव हवा आणि अर्थात ऑफरमधला पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर पाहिजे. गोची होते ती अनुभवपत्रात! एचआरवाले नुसतं 'अमुक ते तमुक तारीख, सीनियर इंजिनियर' असं दोन ओळींत उरकतात, नक्की काय काम केलं ते कुठेच नसतं, म्हणून राजीनामा द्यायच्या आधीच सविस्तर पत्र मागून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही. आणि हो, ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला-बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, एजंट उगाच क्लास गळ्यात मारतात.