केंद्राचा खर्च वाढतोय, मग सेवा कुठं अडकते? नागपूरकरांनी बोलावं

सक्करदरा (धागा)

मागच्या महिन्यात सासूबाईंना पोटाच्या तपासणीसाठी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. यंत्र नवंकोरं. खोलीबाहेर केंद्राच्या योजनेची पाटी. पण ते चालवणारा तंत्रज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो, म्हणून तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. दुखणं तेवढं थांबणारं नव्हतं. बाहेर पैसे भरून तपासणी केली आणि त्या रात्री मी २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रं उघडून बसले.

एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी साधारण ३६ हजार. सासूबाईंच्या वाट्याचे ३६ हजार गेले कुठं, हे मला शोधायचं होतं. व्याजावर १२.७६ लाख कोटी, म्हणजे चौथा हिस्सा तिथंच. भांडवली खर्च ११.२१ लाख कोटी: रस्ते, रेल्वे, बांधकाम. आरोग्य मंत्रालयाला सुमारे १ लाख कोटी, माणशी वर्षाला सातशे रुपये. आणि दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्राकडून महिन्याला मिळतात २०० रुपये. २००७ पासून २००. आमच्या गल्लीतल्या आजींना श्रावणबाळ या राज्याच्या वृद्ध निवृत्तीवेतन योजनेचे महिन्याला पंधराशे येतात, त्यातले तेराशे राज्याचे.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'केंद्रानं इतके लाख कोटी खर्च केले' हे वाक्य सेवेबद्दल काहीच सांगत नाही. केंद्र उभारायला पैसे देतं, चालवायला देत नाही. आणि सेवा म्हणजे चालवणंच. यंत्र म्हणजे सेवा नाही, यंत्रापाशी बसलेला माणूस म्हणजे सेवा.

लेखाबाबू

ताई, सासूबाईंच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण हिशेबात तुम्ही घाई केलीत. तीस वर्षं सरकारी लेखाशाखेत काढली आहेत, म्हणून सांगतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या विषयांच्या यादीत आहेत. पोलीस राज्याचे, पाणी राज्याचं. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आलं, तरी शिक्षकांचे पगार बहुतांश राज्यच देतं. त्यामुळे केंद्राच्या एकूण खर्चाला लोकसंख्येनं भागून 'माझ्या वाट्याची सेवा कुठं' असं विचारता येत नाही. संरक्षण, परराष्ट्र, हवामान खातं यांची सेवा दारात येऊन हाक मारत नाही.

दुसरं, अर्थसंकल्पासोबत 'रुपया कुठं जातो' हे चित्र असतं. त्यात सगळ्यात मोठा तुकडा व्याजाचा नाही. राज्यांच्या करहिश्श्याचे २२ पैसे, व्याजाचे २०. तुम्ही चौथा हिस्सा म्हणालात तेही बरोबर आहे, कारण ५०.६५ लाख कोटींत राज्यांचा हा हिस्सा मोजलेलाच नाही. तो १४.२२ लाख कोटींचा वेगळा. पंधराव्या वित्त आयोगानं वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. गुणाकार केला तर ९० हजार कोटींच्या आसपास येतो. हा पैसा कशावर खर्चायचा ते मुंबईत ठरतं. तुमच्या तंत्रज्ञाचा पगार याच पैशातून होऊ शकतो. तो होत नसेल तर प्रश्न दिल्लीला विचारून उपयोग नाही.

सक्करदरा

काका, ९० हजार कोटींचं मान्य. पण अधिभार आणि उपकर वाटपात धरले जात नाहीत, हेही त्याच कागदांत आहे. माझ्या नवऱ्याच्या प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर कापला जातो. नाव आरोग्याचं, आणि जिथं आरोग्यसेवा चालते त्या राज्याला त्यातून हक्काचा वाटा नाही. मग 'राज्याची जबाबदारी' हे उत्तर अपुरं वाटतं.

उमरेडवाला

आमच्याकडची गोष्ट सांगतो. इतवारी ते नागभीड छोटी रेल्वे होती. उमरेड, भिवापूरचे लोक याच गाडीनं नागपूरले येत. कोणी दूध घेऊन, कोणी मिरची घेऊन, पोट्टे कॉलेजले. हळू चालायची, पण तिकीट परवडायचं. नोव्हेंबर २०१९ ले ब्रॉडगेज करायसाठी ती बंद केली. ब्रॉडगेज पाहिजेच, त्यात वाद नाई. पण पुढची कित्येक वर्षं त्या मार्गावर प्रवासी गाडीच नाई. कागदावर खर्च होत होता, आमाले सेवा शून्य. माय बाजाराले यायची तं येण्याजाण्याचं बसभाडंच मिरचीच्या नफ्यातून निघून जाय.

बांधकाम चालू असतानाचा काळ कोणी मोजत नाई, माझं दुखणं ते आहे. नव्या लाइनीसाठी किती पैसे लागले ते सगळे सांगतात. तेवढी वर्षं गाडी नव्हती त्याची किंमत कोण्या खात्यात लिहिली?

इतवारीचा किराणा

मी विरोधात बोलणार आहे. सगळेच 'पैसा येतो, सेवा येत नाही' म्हणायला लागले की खरी चाललेली गोष्ट दिसेनाशी होते.

रेशन घ्या. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. माणशी महिन्याला पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत. देशात ८० कोटींवर माणसं. २०२५-२६ ला अन्न अनुदान सुमारे २.०३ लाख कोटी. भागाकार करा, माणशी वर्षाला अडीच हजार रुपये येतात आणि त्यात साठ किलो धान्य घरात. खरेदी, गोदाम, वाहतूक धरून किलोला ४२ च्या आसपास. मी धान्याच्या धंद्यात आहे, हा भाव वावगा नाही. माझ्या दुकानात हमाली करणारे तिघं जण आहेत, त्यांच्या घरचा तांदूळ रेशनचाच. त्यांचा उरलेला पैसा तेल, डाळ, पोरांच्या वह्या यात जातो. मला ते रोज गल्ल्यावर दिसतं.

इथं केंद्रानं काही बांधलं नाही, चालवलंच. दर महिन्याला. मग 'केंद्र चालवायला देत नाही' हे वाक्य ताईंनी मागं घ्यावं.

सक्करदरा

घेते मागं. रेशनच्या बाबतीत तुमचं खरं आहे.

गोधनीची अंगणवाडी

मी सेविका आहे म्हणून लिहिते. अंगणवाडीही केंद्राचीच योजना आणि तीही रोज चालते. पण कशी चालते ते बघा. सेविकेच्या मानधनाचा केंद्रानं ठरवलेला आकडा महिन्याला ४,५०० रुपये, ऑक्टोबर २०१८ पासून तोच. त्यात केंद्राचा भाग ६० टक्के, म्हणजे २,७०० रुपये. वरचं राज्य घालतं म्हणून आम्ही टिकून आहोत. मदतनीस ताईंसाठी तो आकडा २,२५०.

या काळात आमचं काम मात्र वाढत गेलं. वजन-उंची, गरम आहार, गरोदर बायांची नोंद, त्यात मोबाइलवर भरायची माहिती. दिल्लीत कोणी बालपोषणाचा आलेख दाखवतं तेव्हा तो आमच्या बोटांनी भरलेला असतो. खर्च किती झाला यापेक्षा आमच्यासारख्या हातांना त्यातलं किती मिळालं, हे विचारा. तो हात थकला की योजना थांबते.

धंतोली

+१. ताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा.

मला शहरातलं एक म्हणायचं आहे. नागपूर मेट्रो मी वापरते आणि मला ती आवडते. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी, शिवाय जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास बँकांचं कर्ज. पहिल्या टप्प्याचा मूळ अंदाज ८,६८० कोटी. दुसरीकडे 'आपली बस' या शहर बससेवेचा तोटा महापालिका सोसते. ज्या बाईला पहाटे भांडी घासायला तीन घरं गाठायची असतात तिला बसच लागते, आणि बसच्या डिझेल-चालकासाठी दिल्लीहून मेट्रोइतका उत्साह मी कधी पाहिला नाही. इथं सक्करदरा यांचं मूळ म्हणणं मला पटतं.

लेखाबाबू

धंतोली, बस ही स्थानिक सेवा आहे, ती महापालिकेनंच चालवायला हवी. उद्या नागपूरच्या बसचालकाचा पगार दिल्लीहून येऊ लागला तर बस वेळेवर का आली नाही हे तुम्ही कोणाला विचारणार? जवळच्या सेवेचा मालक जवळ हवा. मार्च २०२२ ला इथल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकाकडे कारभार होता. त्या काळात तक्रार घेऊन जायला वॉर्डात माणूस नव्हता, हे आपण सगळ्यांनी भोगलं. माझ्या मते सेवा ढासळण्याचं ते कारण दिल्लीच्या निधीपेक्षा मोठं आहे.

केंद्र बांधतं आणि सोडून देतं, हेही सरसकट खरं नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पातलं एम्स बघा. सुमारे १,५७५ कोटींची उभारणी, डिसेंबर २०२२ ला लोकार्पण, आणि तिथल्या डॉक्टरांपासून परिचारिकांपर्यंतचा पगारही केंद्राचाच. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडचे रुग्ण तिथं येतात. आणि देशाचा विचार केला तर राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे लोक खिशातून करत असलेला वाटा २०१३-१४ ला एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला. हा फरक सरकारी खर्च वाढल्याशिवाय पडला नसता. म्हणून 'खर्चाचा आकडा काहीच सांगत नाही' हे मला मुळीच मान्य नाही.

सक्करदरा

त्याच लेख्यांत २०२१-२२ चा सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के आहे. तोही कोविड लसीकरणाच्या वर्षी. २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. सुधारणा झाली, पण ती अजून आमच्या खिशापर्यंत पोचायची आहे.

काटोलचा सुपरवायझर

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर असतो. दोन्ही बाजूंना एक गोष्ट दाखवतो.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. महाराष्ट्रासारख्या राज्यात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. २०२४-२५ ला केंद्रानं तरतूद केली सुमारे ७०,१६३ कोटी. वर्षअखेरच्या सुधारित अंदाजात ती झाली २२,६९४ कोटी. पुढच्या वर्षी पुन्हा ६७ हजार कोटी मांडले आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली.

गावात याचा अर्थ काय होतो? टाकी उभी आहे, अर्ध्या गावात नळ आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी पाइप आणून टाकलेत आणि बिल निघेना म्हणून खोदकाम थांबलं. ज्यांच्या दारात नळ आला त्यांनाही पाणी नाही, कारण जोडणी पूर्ण झाल्याशिवाय पंप सुरू करता येत नाही. मी ज्या गावात होतो तिथल्या बाया रोज येऊन विचारायच्या, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणून ताई, फेब्रुवारीतल्या भाषणातला आकडा ऐकूच नका. सुधारित अंदाज बघा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष खर्च. लेखाबाबूंना सांगतो, पैसा कमी पडला म्हणूनही सेवा मरते आणि पैसा अवेळी आला म्हणूनही. दुसऱ्या मरणाची नोंद कुठंच होत नाही.

लेखाबाबू

हे मात्र अगदी खरं. सुधारित अंदाज कोणी वाचत नाही. नोकरीत असताना मार्चमध्ये एकदम आलेला निधी खर्ची घालायची धावपळ मी दरवर्षी पाहिली. अशा घाईत यंत्र विकत घेता येतं, माणूस नेमता येत नाही. पदनिर्मिती, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), जाहिरात, परीक्षा, याला दोन-दोन वर्षं लागतात. ताई, तुमच्या रुग्णालयात असंच झालं असण्याची शक्यता आहे. म्हणजे दोष दिल्लीचा की मुंबईचा हा आपला वाद अर्धवट होता.

उमरेडवाला

काका, तुमी रेल्वेचं काहीच नाई बोलले.

लेखाबाबू

बोलतो. रेल्वेमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं आहे की १०० रुपयांच्या प्रवासाला प्रवासी सरासरी ५४ रुपये देतो, बाकी रेल्वे सोसते. म्हणजे धावणारी प्रत्येक स्वस्त गाडी ही चालू खर्चातून दिलेली सेवा आहे. तुमची गाडी बंद होती तेवढी वर्षं ते अनुदान तुमच्या भागाला मिळालंच नाही. तुम्ही विचारलेली किंमत कुठं लिहायची, तर इथं. पर्यायी बसचं भाडं प्रकल्पखर्चातच धरायला हवं होतं. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

सक्करदरा

सगळ्यांचं वाचलं. माझं पहिलं वाक्य दुरुस्त करते. खर्चाचा आकडा सांगतो, पण कोणता आकडा आणि कधीचा, ते बघायला हवं. रेशन आणि एम्स मी मोजलेच नव्हते. पण वृद्धांचे २०० रुपये आणि सेविकांचे २,७०० यावर मी तसूभर हटणार नाही. जो खर्च थेट माणसाच्या हातात जातो तोच वर्षानुवर्षं गोठलेला असावा, याला माझ्या मते कोणतीही सूची कारण होऊ शकत नाही.

काका, रुग्णालयाचं काय करू? गप्प बसवत नाही.

लेखाबाबू

माहिती अधिकाराचा अर्ज करा. यंत्र कोणत्या तारखेला बसलं. ते कोणत्या योजनेतून आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून घेतलं. तंत्रज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती. रिकाम्या पदांचा प्रस्ताव शेवटी कोणत्या तारखेला आणि कोणाकडे पाठवला. शेवटचा प्रश्न विसरू नका, फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते त्यातूनच कळेल. 'का' असं कुठंही विचारू नका, त्याचं उत्तर देत नाहीत. मसुदा करून इथं टाका, मी बघून देतो.

सक्करदरा

आज रात्रीच टाकते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घरात आहे, सोमवारी अर्ज देईन. तीस दिवसांत आलेलं उत्तर याच धाग्यावर टाकेन.

गोधनीची अंगणवाडी

ताई, त्यातच एक ओळ वाढवा. ज्या दिवशी तंत्रज्ञ नसतो त्या दिवशी किती बायांना परत पाठवलं, त्याची वही ठेवतात का ते विचारा. आम्हाला तर एकेका पोराची नोंद ठेवावी लागते.