गिअर हबच्या एकचाकीला चाक किती इंची घ्यावे?

खडीवाट (म्युनिक):

गेली सहा वर्षे मी 36 इंची साधी, म्हणजे बिनगिअरची एकचाकी (एका चाकाची सायकल) चालवतो आहे आणि आता स्वित्झर्लंडच्या श्लुम्फ यांचा दोन गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा) घ्यायचे नक्की केले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हबच्या पोटात ग्रहमालेसारखी दातेरी चाकांची रचना असते. खालच्या गिअरमध्ये पेडलचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच फेरा होतो. वरच्या गिअरमध्ये तेवढ्यातच चाक सुमारे दीड फेरा फिरते. गिअर बदलायला दांडा किंवा केबल नसते. आसाच्या दोन्ही टोकांना, क्रँकच्या (आस आणि पेडल जोडणाऱ्या भुजेच्या) बाहेर, एकेक बटण असते आणि चालत्या चाकावर ते टाचेने दाबायचे असते. एका बाजूचे दाबले की वरचा गिअर पडतो, दुसऱ्या बाजूचे दाबले की खालचा.

हब ठरला, पण तो कोणत्या मापाच्या रिममध्ये बसवायचा हे ठरत नाही. वरच्या गिअरमध्ये 24 इंची चाक 36 इंची चाकाएवढे अंतर कापते, 26 इंची 39 एवढे, 29 इंची साधारण साडेत्रेचाळीस एवढे आणि 36 इंची तर 54 इंची चाकाएवढे. बहुतेक जण हे वरचे आकडे पाहून चाक निवडतात आणि माझ्या मते इथेच चूक होते. वरचा गिअर रस्ता सपाट, मोकळा आणि अंगात दम असताना वापरला जातो. चढ लागला, खडी सैल झाली, समोरून मूल धावत आले की आपण खालच्या गिअरवर येतो, आणि तिथे हाताशी काय आहे यावर पुढे जायचे की उतरून चालायचे हे ठरते. म्हणून चाक खालच्या गिअरवरून निवडावे, असे माझे म्हणणे आहे.

क्रँकचा हिशेब यात फार महत्त्वाचा आहे. पायाला चाक किती जड लागते हे चाकाचे माप आणि क्रँकची लांबी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. 29 इंची चाकाला 150 मिमीचे क्रँक लावून वरचा गिअर टाकला, तर पायाला जो जोर लागतो तो माझ्या सध्याच्या, 125 मिमी क्रँकच्या 36 इंची चाकाइतकाच असतो. म्हणजे जे मला रोज जमते तेच राहते. मात्र त्याच चाकावर खालचा गिअर टाकला, की 36 इंची चाकाला 186 मिमीचे क्रँक लावल्यासारखी चढण सोपी होते. इझार नदीच्या काठाने जाणारी वाट बरीचशी खडीची आहे. ती मध्येच झाडीत शिरून चार-पाच मीटरचा उभा चढ घेते आणि तिथे मी आज हमखास उतरतो. एवढ्यासाठी माझा कौल 29 इंचीला आहे. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी अवश्य लिहावे.

वारापाणी (नेदरलँड्स):

तुमचा निकष मला मान्य आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही सहा वर्षे 36 इंची साधे चाक चालवत आहात. गिअरच्या 36 इंची चाकाचा खालचा गिअर म्हणजे नेमके तेच चाक. ज्या गिअरवर संकटात परत यायचे तो आधीच अंगवळणी पडलेला असावा, हे तर तुमच्याच म्हणण्याला धरून आहे.

माझ्याकडे तीन वर्षांपासून 36 इंची गिअरचे चाक आहे, क्रँक 150 मिमीचे. पेडल मिनिटाला 100 फेऱ्यांनी फिरवले तर वरच्या गिअरमध्ये ताशी जवळपास 26 किमी वेग मिळतो. तोच वेग तुमच्या 29 इंची चाकावर हवा असेल, तर मिनिटाला 125 फेरे मारावे लागतील, आणि एकचाकीवर इतक्या गतीने पाय फिरू लागले की बूड सीटवर स्थिर राहत नाही. पाच मिनिटे हे निभते, दोन तास नाही. आमच्याकडे चढ नाहीतच. आहेत ते कालव्याकाठचे सरळ रस्ते.

दुसरी गोष्ट गिअर बदलण्याची. ताशी 12 किमी वेगाला 36 इंची चाकावर पाय मिनिटाला सुमारे 70 वेळा फिरतो, 29 इंचीवर 87 वेळा, 26 इंचीवर 97 वेळा. टाच बटणासमोर येऊन निघून जायला लागणारा वेळ तेवढाच कमी होतो. मी 29 इंची चाकावरही शिकायचा प्रयत्न केला होता आणि टाच वारंवार क्रँकवर आपटून नडगी काळीनिळी झाली होती. मोठ्या चाकावर तेच आठवडाभरात जमले.

खडीवाट:

बटण दाबण्याचा मुद्दा मी लक्षातच घेतला नव्हता. तो खरा आहे. तरी ताशी 26 किमी या आकड्याशी मी अडतो. एकचाकीला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवूनही चाक फिरत ठेवणारी सोय, नाही, त्यामुळे तोल पुढे गेला की पेडल सोडून पायांवर उतरायचे आणि धावत वेग जिरवायचा, हाच आपला खरा बचाव आहे. ताशी 16-17 किमीला मी तो अनेकदा केला आहे. 26 ला माझ्या वयाचा माणूस धावू शकत नाही; तो पडतो. शिवाय वरच्या गिअरमध्ये रिम पायाच्या दीडपट गतीने फिरते, त्यामुळे तिची जडता पायाला दीडाच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पट जाणवते. 36 इंची टायर आणि रिम मुळातच जड. त्यात ही भर पडली की चाक पटकन मंदावत नाही आणि तोल सावरायलाही उशीर होतो. स्थैर्य मिळते हे कबूल, पण आयत्या वेळी तेच स्थैर्य अंगावर येते.

घाटकरी (पुणे):

मी 26 इंची गिअरची एकचाकी वापरतो आणि तुम्हा दोघांच्याही हिशेबात रस्ता कुठेच दिसत नाही, असे नम्रपणे सांगू इच्छितो. आमच्याकडे दर दोनशे मीटरवर गतिरोधक, मध्ये खड्डा, कडेला सांडलेली वाळू. वरच्या गिअरमध्ये सलग दहा मिनिटे जाता येईल असा रस्ता पहाटे साडेपाचलाच मिळतो. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर मी 26 इंची चाकाने, खालच्या गिअरमध्ये, पायथ्यापासून अर्ध्याहून अधिक अंतर न उतरता चढतो. 29 इंचीवर मला ते साधलेले नाही.

टायरचेही पाहा. 26 इंची टायर आणि ट्यूब लक्ष्मी रोडजवळच्या कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते, 29 इंचीसुद्धा आता मिळू लागले आहे. 36 इंचीचे टायर जगातच मोजके आहेत. ते फाटले की परदेशातून मागवायचे आणि तोवर महिना-दीड महिना हब कोपऱ्यात पडून राहायचा. हबची किंमत पाहता हे मला परवडत नाही. माप चुकले असे पुढे वाटले, तर रिम आणि सगळे स्पोक नव्याने घेऊन चाक पुन्हा बांधून घ्यावे लागते. म्हणून लहान मापाकडून सुरुवात करावी.

वारापाणी:

पुण्यासाठी 26 इंची योग्यच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पडण्याचा धोकाही नाकारत नाही: मी डिस्क ब्रेक लावला आहे, मनगटाची आणि गुडघ्यांची संरक्षक कवचे घातल्याशिवाय निघत नाही आणि वस्ती लागली की खालचा गिअर टाकतो. पण लांब पल्ल्याचे म्हणाल तर 2008 साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात राइड द लॉब्स्टर ही 800 किमीची एकचाकींची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली, तीन-तीन जणांच्या संघांची; तिच्यात गिअरची चाकेही होती आणि साधी 36 इंचीही. तिथेही सर्वांचे एकमत झालेले नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. म्युनिकहून फ्रायझिंगपर्यंत मोकळा रस्ता मिळत असेल, तर एकदा माझे चाक चालवून पाहा. मी ऑगस्टमध्ये तिकडे येतो आहे.

घाटकरी:

चालवून पाहाल तेव्हा एक सांभाळा. बटण अर्धवट दाबले गेले तर हब दोन गिअरांच्या मध्ये अडकतो आणि क्षणभर पेडल मोकळे फिरते. पायाखालची पायरी निघून गेल्यासारखे होते. म्हणून बटण ठामपणे, शेवटपर्यंत दाबावे आणि त्या क्षणी वजन सीटवर ठेवून पेडलवरचा भार अगदी हलका ठेवावा. हे मी गवतावर शिकलो. 36 इंचीच्या उंचीवरून शिकायचे असेल, तरी आधी गवतच शोधा.

खडीवाट:

ऑगस्टमध्ये जरूर या. स्टेशनजवळ नदीकाठी चांगली मोठी हिरवळ आहे. तोपर्यंत 29 इंची रिमची मागणी थांबवतो, पण दोन भोकांचे, म्हणजे पेडल 127 किंवा 150 मिमीवर लावता येईल असे क्रँक मात्र आजच मागवतो, कारण ते कोणत्याही मापाला लागणारच आहेत.