‘अतिलघु स्पंद’ की ‘अत्यल्पकालिक स्पंद’?

प्रश्न : वायू-लेसरवरील एका लेखासाठी मी ‘अतिलघु प्रकाशस्पंदांचे विवर्धन’ अशी शब्दयोजना केली आहे. ती योग्य ठरेल का?

उत्तर : ‘स्पंद’ (पल्स, म्हणजे प्रकाशाचा तुटक झोत) आणि ‘विवर्धन’ (अ‍ॅम्प्लिफिकेशन) हे शब्द मराठी विज्ञानलेखनात रुळलेले आहेत, ते तसेच ठेवावेत. माझी हरकत ‘अतिलघु’ला आहे. लघु म्हटले की आकार आधी डोळ्यांपुढे येतो आणि पुढे ‘विवर्धन’ आले की लहान स्पंद मोठा केला जात असावा, असा समज होतो. वास्तविक वाढवायची असते ती स्पंदातील ऊर्जा. त्याचा कालावधी वाढू द्यायचा नसतो, आणि वायू-लेसरची, म्हणजे ज्यात वायू प्रकाशाचे विवर्धन करतो त्या लेसरची, खरी कसोटी तिथेच लागते.

बारामतीत जन्मलेले, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवलेला कार्बन डायऑक्साइड लेसर घ्या. कमी दाबाच्या वायूत विवर्धन होते ते सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या सुट्या, अरुंद वर्णरेषांपुरतेच, म्हणजे काही ठरावीक वारंवारतांपुरतेच. स्पंद जितका कमी काळ टिकणारा, तितका त्याचा वारंवारतापट्टा, म्हणजे त्यात सामावलेल्या वारंवारतांचा पल्ला, रुंद; त्यामुळे एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या स्पंदाचा पट्टा अशा अनेक रेषांवर पसरतो, आणि मधल्या वारंवारता वाढल्याच नाहीत तर एका स्पंदाऐवजी स्पंदांची मालिका बाहेर पडते. म्हणून वायूचा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १० पट ठेवतात. रेणूंच्या वाढत्या टकरींमुळे रेषा रुंदावून एकमेकींत मिसळतात. ऑक्सिजनचा जड समस्थानिक असलेला वायू मिसळूनही मधल्या फटी बुजवतात. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत याच मार्गाने पिकोसेकंद स्पंद विवर्धित केले जातात. ही सारी खटपट कालावधी राखण्यासाठी असल्याने शब्दातही काळ दिसला पाहिजे; ‘अत्यल्पकालिक स्पंद’ लिहावे.

प्रश्न : तो शब्द जड वाटतो. ‘क्षणिक’ चालेल का?

उत्तर : नाही. ‘क्षणिक’मध्ये नश्वरतेची छटा आहे आणि मोजमापाचा बोध नाही. शिवाय क्रियापदही जपून वापरावे. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ साली मांडलेल्या पद्धतीत स्पंद आधी काळात लांबवतात, मग त्याची ऊर्जा वाढवतात आणि शेवटी तो पुन्हा आखडतात. अशा ठिकाणी नुसते ‘स्पंद वाढवला’ लिहिल्यास काय वाढवले ते कळत नाही. काळासाठी ‘ताणणे’ आणि ऊर्जेसाठी ‘विवर्धित करणे’ असा भेद संपूर्ण लेखात कटाक्षाने पाळावा.