२.६ मीटरच्या एक्स्ट्राला इंजिन कोणतं: ८५ सिंगल, १०० ट्विन की १२०?

उभीरेघ:

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत ५५ सीसीच्या रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानावर हात बसवला. डीएलई ५५ इंजिन आणि २३×८ प्रॉप (व्यास २३ इंच; पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, ८ इंच), तक्रारीला जागा नाही. आता ३५ टक्क्यांचं एक्स्ट्रा ३३० एससी जोडायला घेतलंय, विंगस्पॅन २.६ मीटर. बिजागऱ्या, सर्व्हो, लँडिंग गिअर सगळं बसलं. फायरवॉल (इंजिन बसवायची पुढची फळी) मात्र अजून कोरी आहे, कारण इंजिन ठरत नाहीये.

माहितीपुस्तिकेत १०० ते १२० सीसी लिहिलंय आणि तयार वजन साडेअकरा ते साडेबारा किलो. समोर तीन पर्याय आहेत: ओळखीच्या एकाकडचं वापरलेलं ८५ सीसी सिंगल (एक सिलिंडर), नवं डीए १००, किंवा नवं डीए १२० (दोन्ही ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची). मी आयमॅकच्या (मॉडेल विमानांच्या कसरतींच्या स्पर्धा) स्पोर्ट्समन वर्गाचे सीक्वेन्स, म्हणजे ठरलेल्या कसरतींचे क्रम, उडवतो, पुढे इंटरमीडिएटला जायचंय. हॉवर (नाक वर करून प्रॉपवर जागीच तरंगणं), टॉर्क रोल (तसंच तरंगताना गोल फिरणं) अधूनमधून, हौस म्हणून.

८५ मध्ये भागेल का? १२० घेतलं तर वरची ताकद खरंच वापरली जाते की नाकावर नुसतं ओझं? फ्युजलाजमध्ये कॅनिस्टरसाठी (आवाज दाबणारा लांब मफलर) बोगदा दिलाय, तर कॅनिस्टर घ्यावेत की साधे मफलर, तेही सांगा.

टॉर्करोल:

१२० घ्या आणि मोकळे व्हा. हॉवरमधून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की विमान त्याच क्षणी वर गेलं पाहिजे. जमिनीपासून दोन मीटरवर असताना विचार करायला वेळ नसतो. ८५ वर उडेल, पण जेमतेम.

अर्धाथ्रॉटल:

उभीरेघ, तुम्ही सीक्वेन्स उडवता हे वाचलं म्हणून सविस्तर लिहितो. मोठ्या विमानांच्या इंजिनाबद्दलचे बहुतेक सल्ले हॉवर डोळ्यासमोर ठेवून दिले जातात. टॉर्करोल यांचं म्हणणं त्यांच्या उडवण्यासाठी बरोबर आहे. शेवटी मीही त्याच इंजिनावर येणार आहे, पण कारण वेगळं आहे आणि ते कळलं तर पुढचं सेटिंग सोपं जाईल.

सीसी थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी प्रॉप ठरवा. ८५ सिंगल साधारण २४ ते २६ इंची प्रॉप फिरवतं, १०० ट्विन २६-२७, १२० ट्विन २७-२८. आता तुमचं काउल (इंजिनावरचं नाकाचं आवरण) बघा. ३३० एससीचं नाक रुंद आहे. प्रॉपच्या मधल्या भागातून मागे फेकली जाणारी हवा काउलवरच आदळते, कामाची असते ती कडेबाहेरची. त्यामुळे व्यासातले दोन-तीन इंच कागदावर किरकोळ वाटतात, पण वेग कमी असताना रडर आणि एलेव्हेटरवर येणाऱ्या हवेत ते चांगलेच जाणवतात.

सीक्वेन्सवाल्यासाठी खरी गंमत खाली येणाऱ्या उभ्या रेषेत आहे. थ्रॉटल बंद करून विमान सरळ खाली येतं, तेव्हा मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा प्रॉप त्याला धरून ठेवतो. वेग वाढता वाढता एका ठिकाणी थांबतो. मग रेषेच्या मधोमध रोल ठेवायला निवांत वेळ मिळतो आणि खालचा पुलआउट (खाली येणारं विमान वळवून आडवं करणं) वरच्या त्रिज्येएवढा काढता येतो. छोट्या प्रॉपवर तेच विमान सुसाट खाली येतं, रोल घाईत संपवावा लागतो, आणि पुलआउट मोठा निघतो नाहीतर पंखांवर फार ताण येतो. वर जाताना ताकद सगळे मोजतात. खाली येताना विमान किती आवरलं जातं हे कोणी विचारत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून ८५ ला माझा नकार आहे. ताकदीपेक्षाही व्यासासाठी.

दुसरं कारण हादरे. सिंगलमध्ये एकच जड पिस्टन वर-खाली होतो, त्याला तोलणारं समोर काही नसतं. काउंटरवेट त्यातलं काहीच सावरतं. आयडलवर विमानाच्या शेपटीकडे बघा, एलेव्हेटर नुसता थरथरत असतो. ती थरथर सर्व्होच्या गिअरमध्ये, बिजागरीत, कॅनोपीच्या स्क्रूमध्ये रोज थोडी थोडी जिरते. ५५ सीसीपर्यंत ठीक आहे, बारा किलोच्या विमानावर मला नको. ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, दोन्हीकडे स्फोटही एकदमच होतो. दोन सिलिंडरना क्रँककेस एकच असते आणि टू-स्ट्रोकला मिश्रण तिथेच दाबायचं असतं, म्हणून तशीच रचना करावी लागते. फायदा असा की समोरासमोरचे धक्के एकमेकांना मारतात. सिलिंडर एका रेषेत नसून किंचित पुढे-मागे असतात, त्यामुळे थोडं डोलणं उरतं, पण सिंगलशी तुलनाच नाही.

आता तुमचा ओझ्याचा प्रश्न. इथे बरेच जण फसतात, कारण सीसी वाढली की वजन वाढतं असं धरून चालतात. डीए १०० हा जुना आराखडा आहे, वजन साधारण २.६ किलो. डीए १२० सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे मोठं इंजिन हलकं! नाक जड होण्याची भीती असेल तर ती १०० बाबत बाळगा. १०० ची माझ्या लेखी एकच मोठी जमेची बाजू आहे: ते फार सोशिक इंजिन आहे, कार्बोरेटरमधली मिश्रणाची सुई थोडी इकडेतिकडे झाली तरी चालत राहतं.

आणि वरची ताकद वाया जात नाही. सीक्वेन्समध्ये पूर्ण थ्रॉटल फार कमी लागतो, बहुतेक काम चाळीस ते साठ टक्क्यांत होतं. तिथे इंजिन आरामात असलं की त्याचा प्रतिसाद गुळगुळीत येतो, आवाज कमी राहतो, डोकंही थंड राहतं. फक्त ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल कर्व्ह (स्टिक किती हलवली की थ्रॉटल किती उघडेल याचं सेटिंग) नीट बसवा. कार्बोरेटरचा फुलपाखरू व्हॉल्व्ह पहिल्या तिसऱ्या भागातच बरीचशी हवा आत घेतो, त्यामुळे सरळ रेषेच्या कर्व्हवर सगळी ताकद स्टिकच्या खालच्या भागात गोळा होते.

कॅनिस्टर नक्की घ्या. आयमॅकमध्ये आवाजालाही गुण असतात. मात्र कॅनिस्टर आला की बोगद्यातली उष्णता आली. बोगद्याला मागे मोकळं तोंड हवं, आणि हेडरला (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) जोडणारं टेफ्लॉनचं कपलर दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने आवळलेलं हवं.

काउलच्या आत हवेचा मार्ग बांधल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका, ही कळकळीची विनंती. पुढून आलेली हवा जिथे सोपं तिथून निसटते, सिलिंडरच्या पात्यांमधून जात नाही. बाल्साच्या किंवा पातळ फायबरच्या पट्ट्या लावून तिला पात्यांमधूनच जायला भाग पाडा, आणि बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या निदान दुप्पट, जमल्यास तिप्पट ठेवा. पहिल्या काही उड्डाणांनंतर दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एक बदामी आणि दुसरा पांढरट दिसला तर पांढरट बाजूच्या सिलिंडरला थंड करणारी हवा कमी मिळतेय किंवा तिकडे कुठेतरी गळती आहे.

सुईवाला:

अर्धाथ्रॉटल यांच्याशी सहमत. तरी ८५ बघायला जाणारच असाल तर काय बघायचं ते सांगतो, दुसऱ्या विमानाला उपयोगी पडेल.

इग्निशन बंद आहे याची खात्री करून मफलर काढा आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारून पिस्टन बघा. प्रॉप हाताने हळूहळू फिरवत पिस्टनची बाजू आणि रिंग दिसू द्या. एकसारखा तपकिरी रंग चालतो. उभे चरे दिसले, आणि ते नखाला लागत असतील, तर इंजिन परत ठेवून द्या. मग प्रॉप काढून एक टोकदार काडी इंजिनाच्या अंगाला घट्ट बांधा, टोक प्रॉप हबच्या कडेला जेमतेम टेकवा आणि हब एक पूर्ण फेरा फिरवा. टोक आणि कड यांमधली फट कमी-जास्त झाली तर क्रँक वाकलाय, म्हणजे ते विमान कधीतरी नाकावर पडलेलं आहे. विकणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही.

बराच काळ पडून असलेलं इंजिन असेल तर कार्बोरेटरचे डायाफ्राम कडक झालेले असतात. ते आधी बदला, मगच सुयांना हात लावा.

उभीरेघ:

खूप आभार. खाली येणाऱ्या रेषेचा विचार मी केलाच नव्हता, आणि इंटरमीडिएटला त्याच रेषांवर माझे गुण जाणार आहेत. १२० आणि कॅनिस्टर पक्कं केलं. शेवटची शंका: २७×१० की २८×१०? आणि इग्निशनला वेगळी बॅटरी लागेल का?

अर्धाथ्रॉटल:

आधी शेपूट उचलून विमान आडवं धरा आणि प्रॉपच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २८ इंचीची त्रिज्या ३५.६ सेंटिमीटर आहे. गवतावरून उडत असाल तर त्याखाली सात-आठ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. तेवढे नसतील तर प्रश्न तिथेच संपला, २७×१० लावा.

जागा असेल तर २८ ने सुरुवात करा, पण पूर्ण थ्रॉटलचा आवाज ऐका. ६,६०० फेऱ्यांना २८ इंचीचं टोक सेकंदाला सुमारे २४५ मीटर वेगाने जातं, कर्कश आवाज तिथूनच येतो. कॅनिस्टर तो आवाज कमी करू शकत नाही.

इग्निशनला मी वेगळी दोन सेलची लाइफ बॅटरी देतो, ६.६ व्होल्टची, आणि मध्ये रिसिव्हरवरून चालणारा ऑप्टिकल किल स्विच. लिंकेज निसटून थ्रॉटल उघडा राहिला तर इंजिन बंद करायला तोच एक उपाय उरतो. फेलसेफमध्ये (ट्रान्समीटरचा सिग्नल तुटल्यावर) इग्निशन बंद होतं का, ते विमान बांधून ठेवून ट्रान्समीटर बंद करून बघा. लाकडी प्रॉप लावलात तर पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट पुन्हा आवळा, लाकूड दबतं.