पानावरून झाडाची गरज कशी ओळखायची? बहिणीच्या कुंड्या सांभाळतेय, सल्ला हवा

प्राजक्त_वारजे (ऑगस्ट, पहिला आठवडा)

नमस्कार. धाकटी बहीण मार्चमध्ये दोन वर्षांसाठी परदेशी गेली आणि तिच्या अकरा कुंड्या माझ्याकडे वारज्याला आल्या. निघायच्या आदल्या रात्री तिने एकेक झाड दाखवून नाव सांगितलं होतं. बॅगा भरायच्या गडबडीत मी लिहून घेतलं नाही. आता सारखं फोन करून विचारलं तर तिला काळजी लागेल, म्हणून इथे विचारतेय.

मी दर रविवारी प्रत्येक कुंडीत एक तांब्या पाणी घालते. त्यातून जे झालं ते असं:

तलवारीसारख्या उभ्या, जाड, पिवळ्या कडेच्या पानांचं झाड (स्नेक प्लांट, एवढं माहीत आहे) जुलैत बुडातून मऊ पडून आडवं झालं. हात लावला तर पान निसटून हातात आलं, वास येत होता. बहिणीची ही सगळ्यात जुनी कुंडी.

दुसऱ्या एकाची पानं पातळ, वर पट्टे, खालून जांभळी. रात्री सगळी पानं हात जोडल्यासारखी उभी राहतात. कडा एप्रिलपासून तपकिरी, कुरकुरीत.

एक छोटं, वाटोळ्या मांसल पानांचं. त्याच्या पानांना मेमध्ये सुरकुत्या पडल्या होत्या.

एक इतकं चकचकीत की पाहुणे प्लास्टिकचं समजतात. एका जाड दांडीला दोन्ही बाजूंनी पानं.

एक मखमली पानांचं बुटकं, जांभळी फुलं येणारं. एक रबर प्लांट. आणि पांढरे डाग असलेला मनी प्लांट, ज्याची नवी पानं नुसती हिरवी येताहेत. बाकीच्या चार कुंड्या बऱ्या आहेत.

गॅलरी पश्चिमेला, हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला, बेडरूमची उत्तरेला. प्रत्येकाचं नाव शोधून माहिती वाचली तर दहा ठिकाणी दहा गोष्टी. नुसतं पान बघून काही अंदाज बांधता येतो का?

---

गच्चीतली_माती

ताई, पान बघून अंदाज नक्की बांधता येतो. नावाच्या आधी पानच बघावं असं माझं मत आहे, कारण नर्सरीतलं नाव निम्म्या वेळा चुकीचं असतं, पान चुकीचं नसतं.

कोथिंबिरीची जुडी ओट्यावर राहिली तर दुपारपर्यंत मान टाकते. कोरफडीचं पान तोडून ठेवा, आठवडाभर तसंच राहील. घरातली सगळी झाडं या दोघींच्या मधे कुठेतरी बसतात. पान दोन बोटांत धरा आणि ठरवा, हे कोथिंबिरीच्या जवळचं की कोरफडीच्या? ज्याच्या गावी महिनोन् महिने पाऊस नाही, त्याने पाणी कुठेतरी साठवलेलं असतं. ज्याच्या गावी हवा कायम दमट, त्याला साठवायची गरजच पडली नाही, म्हणून पान पातळ आणि मोठं.

वाटोळ्या मांसल पानांचं तुमचं झाड जेड असणार. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, खडकाळ कोरड्या उतारांवरचं. दिवसा उन्हात पानाची छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री उघडून हवा घेतं, म्हणजे पाणी उडून जात नाही. त्याच्या सुरकुत्या म्हणजे तहान. माती पूर्ण कोरडी झाली की कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या, मग पुन्हा पूर्ण कोरडी होऊ द्या. दर रविवारचा एक तांब्या उन्हाळ्यात वरची माती भिजवून उडून गेला, खालच्या मुळांपर्यंत पोचलाच नाही. तोच तांब्या पावसाळ्यात स्नेक प्लांटला जास्त झाला. एकच माप, दोन ऋतूंत दोन उलटे परिणाम. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठक्क असते आणि जुलैत कपडे तीन दिवस वाळत नाहीत. कुंडीतली मातीही तशीच वागते.

पट्ट्यांचं, खालून जांभळं, रात्री पानं मिटणारं ते कॅलेथिया. ब्राझीलकडच्या जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणाऱ्यांपैकी. पानाच्या बुडाशी देठाला फुगीर सांधा दिसेल, तिथल्या पेशींत पाणी आत-बाहेर होतं आणि पान उठतं, मिटतं. तिथे ऊन गाळून येतं आणि हवा ओलसर राहते. म्हणून त्याला पश्चिमेची गॅलरी अजिबात नको. उत्तरेच्या बेडरूमच्या खिडकीत ठेवा, माती ओलसर ठेवा, चिखल नको. तपकिरी झालेल्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत. नवीन पान कसं येतं ते बघा.

मनी प्लांटचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, ते काम हिरवा भागच करतो. उजेड कमी पडला की हिरवं जास्त असलेली फांदीच जोरात वाढते आणि शेवटी तीच उरते. शेवटचं पांढऱ्या डागांचं पान जिथे आहे तिथपर्यंत वेल छाटा आणि खिडकीजवळ आणा. कापलेले तुकडे पाण्यात ठेवलेत तर मुळं फुटतील.

---

सह्यफिरस्ता

वरचा सल्ला अगदी बरोबर. फक्त पान कधी कधी फसवतं, त्याबद्दल लिहितो.

प्लास्टिकसारखं दिसणारं ते झेडझेड प्लांट. अळवाच्या कुळातलं आहे, मनी प्लांटही त्याच कुळातला. पान बघून वाटतं जंगलातलं असेल, भरपूर पाणी लागत असेल. पण गाव त्याचं पूर्व आफ्रिका, जिथे मोठा कोरडा काळ असतो. पाण्याचा मोठा साठा जमिनीखाली आहे. कुंडीच्या कडेची माती बोटाने उकरून बघा, बटाट्यासारखे गड्डे लागतील. आपल्याकडे सुरण उन्हाळ्यात जमिनीखाली गड्डा राखून बसतो, तीच युक्ती. गड्डे लागले की समजा, विसरलात तरी चालेल, पण पाणी साचू देऊ नका.

रबर प्लांट उलटीकडून फसवतो. पान जाड, चामड्यासारखं, म्हणून लोक त्याला कोरड्यातलं समजतात. पण तो आपल्याच ईशान्येचा. मेघालयात खासी लोक ज्याच्या मुळांचे जिवंत पूल विणतात तोच हा. चेरापुंजीला वर्षाला ११ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्यात साडेसातशेच्या. इतक्या पावसात पान टिकायचं तर ते मजबूत हवं आणि पाणी घसरून जायला हवं. त्याला चांगला उजेड द्या आणि मातीचा वरचा दोन बोटं थर सुकला की पाणी द्या. पानावर धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसा. जेडवर मात्र फडकं फिरवू नका, असल्या मांसल पानांवर मेणाचा थर असतो आणि तो त्यांचं कवच आहे.

तसंच पानाचं टोक बघत जा. पिंपळाचं लांब निमुळतं टोक आठवा, पावसाचं पाणी तिथून थेंब थेंब गळून जातं आणि पान लवकर कोरडं होतं. अशी टोकं असलेलं झाड बहुधा पावसाच्या गावचं.

आणि एक गोष्ट. पावसाच्या गावचं म्हणजे ओल्या मातीतलं असं नाही. मुळशी-ताम्हिणीकडे आंब्या-जांभळाच्या फांदीवर ऑर्किड्स बघा. जुलैत अखंड भिजतात, पण पाऊस थांबला की तासा-दोन तासांत मुळं वाऱ्याने कोरडी, आणि उन्हाळ्यात तर पाऊसच नाही. म्हणून असल्या झाडाची पानं जंगलात राहूनही जाड असतात. घरात होया (अशीच झाडांवर वाढणारी जाड पानांची वेल) आणला तर हे लक्षात ठेवा. माती नको, साल आणि कोळशाचे तुकडे असलेलं मोकळं मिश्रण हवं.

---

बाणेर_चौथा_मजला

कॅलेथियाबद्दल एकच विचारायचं होतं, पाणी कुठलं घालता? आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, पाणी इतकं जड की नळांवर पांढरे थर बसतात. त्या पाण्याने माझ्याही कॅलेथियाच्या कडा जळल्या. आणि फिल्टरच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते कुंड्यांना घालू नका. वाया जाऊ नये म्हणून बऱ्याच घरांत घालतात, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला वापरा. मी सध्या गच्चीवर पावसाचं पाणी बादल्यांत धरते आणि झाकण लावून ठेवते. फक्त कॅलेथियापुरतं घातलं तर दिवाळीपर्यंत पुरतं.

---

प्राजक्त_वारजे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वाचताना एकेक कुंडीपाशी जाऊन पान धरून बघितलं. झेडझेडची माती उकरली, खरंच गड्डे लागले, मुलालाही दाखवले.

आमच्याकडेही एप्रिल-मेमध्ये टँकर होते आणि मी फिल्टरचंच वाया जाणारं पाणी घालत होते. ते आजपासून बंद.

दोन प्रश्न राहिले. मखमली पानांच्या झाडाला लव आहे म्हणजे ते उन्हातलं का? गॅलरीत ठेवू? आणि स्नेक प्लांटचं काही वाचवता येईल का? कुंडी अजून टाकलेली नाही, टाकवत नाहीये.

---

गच्चीतली_माती

मखमली म्हणजे आफ्रिकन व्हायोलेट. गॅलरीत मुळीच नको. लवेचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. पानओव्याला लव आहे आणि पान जाडही आहे, तो उन्हात छान राहतो. व्हायोलेट मात्र टांझानिया-केनियाच्या डोंगरातलं, सावलीतल्या खडकांच्या खोबणीतलं. त्याच्या पानांवर गार पाणी पडलं की डाग पडतात, आणि लवेत थेंब अडकून बसतो. बशीत पाणी ओता, अर्ध्या तासाने उरलेलं फेकून द्या. उत्तरेची खिडकी चालेल.

खिडक्यांबद्दलही सांगते, कारण बाहेरच्या देशांसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पुण्यात शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो) मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैअखेर. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं आत येत नाही आणि थंडीत मात्र हॉलच्या मधोमध येतं. जेड तिथेच ठेवा, डिसेंबरात खूष राहील. रबर प्लांट त्याच खिडकीपासून दोन-तीन फुटांवर. पश्चिमेची गॅलरी मार्च ते मे भट्टी असते, तिथे कोरफड आणि पानओवा.

आता स्नेक प्लांट. कुंडी उलटी करून सगळी माती काढा. खाली आल्यासारखा जाड कंद असतो. बोटाने दाबा. जो भाग दबतो आणि वास मारतो तो गेला. एखादा तुकडा जरी टणक, आतून फिकट नारिंगी-पांढरा असेल तर तो जपा. दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या, वाळू जास्त असलेल्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी घालू नका.

पानांचे वरचे चांगले तुकडे कापून लावले तरी रुजतात, पण एक लक्षात ठेवा: पानाच्या तुकड्यापासून जे नवीन रोप येतं त्याला पिवळी कड येत नाही, साधं हिरवंच येतं. कड हवी तर कंदातूनच कोंब फुटायला हवा. तुमच्या बहिणीची जुनी कुंडी आहे म्हणालात, म्हणून सांगितलं.

---

उरुळीकर

सोलापूर रोडला नर्सरीत १२ वर्षं काम करतो. वरचं सगळं पटलं, पण थोडा वेगळा मुद्दा मांडतो. झाडाचं मूळ गाव आफ्रिका असो की ब्राझील, तुमच्या हातातलं रोप बहुतेक वेळा शेडनेटखाली वाढलेलं असतं. रबर जंगलात उन्हात वाढतो म्हणून नर्सरीतून आणून थेट उन्हात ठेवला तर पानं भाजणारच. आठ-पंधरा दिवस थोडं थोडं पुढे सरकवा.

दुसरं, माती. आमच्याकडून बरीच रोपं लाल मातीच्या गोळ्यात जातात, प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून. तो गोळा सुकला की वीट होतो. वरून पाणी घातलं तर कडेने निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच. लोक म्हणतात रोज पाणी घालतोय तरी सुकतंय. आणि पावसाळ्यात तोच गोळा भिजला की आठ दिवस सुकत नाही. पान कितीही नीट वाचलंत तरी हा गोळा तसाच ठेवलात तर अंदाज चुकणार. ताई, कंद काढताना मध्ये लाल गोळा होता का ते बघा. बाकीच्या कुंड्यांचेही गोळे पाण्याच्या बादलीत सोडवून घ्या, पण पाऊस सरल्यावर. कोकोपीट, गांडूळखत आणि भाताचं तूस मिसळलं तर माती मोकळी राहते.

---

प्राजक्त_वारजे (ऑक्टोबर)

उशिरा लिहितेय, पण झालं ते सांगायला हवं होतं.

स्नेक प्लांटच्या कुंडीच्या मधोमध लाल मातीचा गोळा होता, उरुळीकर दादांनी सांगितलं तसाच. वरची माती सुकलेली दिसायची आणि आतला गोळा पिळला तर पाणी निघत होतं. कंद जवळजवळ सगळा गेला होता. अंगठ्याएवढा एक तुकडा टणक निघाला. सुकवून, वाळूत लावून ठेवला आणि आठ दिवस हात लावला नाही, ते फार अवघड गेलं.

कॅलेथियाला पावसाचं पाणी दिलं, दोन नवी पानं आली, दोन्हींच्या कडा स्वच्छ. व्हायोलेटला बशीतून पाणी देते, कळी धरली आहे. रविवारचा तांब्या बंद केला. आता आधी मातीत बोट घालते, जेडची कुंडी उचलून वजन बघते. चार दिवसांत हाताला कळायला लागलं.

परवा सकाळी वाळूतून एक कोंब वर आला. गुंडाळलेला, टोकदार, अर्ध्या बोटाएवढा. उजेडात धरून बघितला. दोन्ही बाजूंनी बारीक पिवळी रेघ आहे. फोटो काढून बहिणीला पाठवला आणि जुलैत काय झालं होतं तेही आता सांगितलं.