कॅम्पर व्हॅनने हनिमून: फोंड्याहून निघून डोंगर, तळी आणि दर्या, ८ दिवसांत जमेल का?

फोंड्याची_पोर

नमस्कार मंडळी. ४ डिसेंबरला लग्न आहे, आणि १० ते १८ डिसेंबर आम्हा दोघांना सुट्टी मिळालीय. घरचे मनाली म्हणतायत, मैत्रिणी बाली म्हणतायत, पण आम्हा दोघांनाही विमान-हॉटेल-बुफे असलं काही नको आहे. त्याला डोंगर आवडतात, मला पाणी, मग ते तळं असो की दर्या. म्हणून ठरवलंय की कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायची, त्यातच झोपायचं, त्यातच चहा करायचा आणि गोव्याच्या आजूबाजूलाच फिरायचं.

रूट असा काढलाय: फोंडा, चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, महाबळेश्वर, तापोळ्याचं तळं, मग खाली हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण, परत गोवा आणि वेळ उरला तर गोकर्ण. गूगल मॅपवर तर सगळं बसतंय.

मी बाबांची ईको रोज चालवते, घाटातही चालवलीय, पण कॅम्परएवढी मोठी गाडी कधीच नाही. गाडी मीच चालवणार, कारण त्याला लायसन्स मिळून सहाच महिने झालेत. विचारायचं आहे ते हे की रात्री गाडी कुठे लावायची, पाणी आणि संडासचं काय करायचं, आणि दोघंच असलो तर सेफ आहे का. सासूबाईंना हीच काळजी आहे आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, त्यांना नीट उत्तर द्यायचंय. प्लीज खरं खरं सांगा.

डिचोलकर_७१

अभिनंदन गो! आधी तो मॅप बंद कर. मॅप कारचा वेळ दाखवतो, कॅम्परचा नाही. घाटात ट्रकच्या मागे लागलीस की दुसऱ्या गियरवर तासभर जातो, आणि सामान, भांडी, पाण्याची टाकी मागे हलत असताना तू ईकोसारखी वळणं घेऊच शकणार नाहीस. महाबळेश्वर, तापोळा, हरिहरेश्वर सरळ काढून टाक. ते आठ दिवस नुसतं ड्रायव्हिंग होईल, आणि नवीन लग्न झालेल्या पोरीने संध्याकाळी पाठ धरून बसायचं म्हणजे काय.

त्याऐवजी पहिल्या दिवशी तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, मागे नदी, सकाळी गेलीस तर गर्दी नसते. तिथून वाळपईमार्गे केरीला ये, सत्तरीतल्या. हे मुद्दाम लिहितोय कारण गोव्यात केरी तीन आहेत, सत्तरीत, फोंड्यात आणि पेडण्यात, आणि तुला परतीला पेडण्याच्या केरीकडेही जावंसं वाटेल. आमच्या पाहुण्यांनी नुसतं केरी टाकलं आणि चोर्ल्याला जायचे ते समुद्रावर पोचले. सत्तरीच्या केरीला अंजुणे धरण आहे, घाट चढताना खाली त्याचं पाणी दिसतं, तिथे थांबण्यासारख्या जागा आहेत पण वळणावर गाडी उभी करू नको.

चोर्ल्याने बेळगाव, आणि बेळगावहून आंबोली साधारण ७० किमी. तिलारी घाटाने उतरायचा मोह होईल, कारण खाली तिलारीचं धरण आहे, पण तो उतार फार तीव्र आणि वळणं अरुंद, एवढी गाडी पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाने तिथून जाऊच नये. आंबोलीने उतर.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं असेच निघालो, बेळगावात बाजारात रमलो, आंबोलीला पोचेपर्यंत मिट्ट काळोख. अंधारात जी जागा सपाट वाटली तिथे गाडी लावली, ती सपाट नव्हती. रात्रभर डोकं खाली पाय वर, बायकोचं डोकं ठणकायला लागलं आणि पहाटे चारला तिला घेऊन मी पुढच्या सीटवर बसून राहिलो. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय, ओट्यावर स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी ठेवायचं. पाणी एका काठाला चढलेलं दिसलं की खालच्या बाजूच्या चाकांखाली फळकूट घालून गाडी पुढे घ्यायची, पेल्यातलं पाणी सगळीकडून सारखं झालं की झोपायचं. दोन-तीन जाड फळकुटं घरूनच घे. आणि पाच वाजता जिथे असशील तिथे मुक्काम, एवढा एक नियम पाळ.

वेंगुर्ल्याचो_झिल

मी सावंतवाडीत असतो, गेल्या डिसेंबरात बायकोबरोबर सहा दिवस कॅम्परने फिरलो, म्हणून गाडीबद्दल लिहितो, रूटबद्दल वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय.

ताई, पहिलं म्हणजे नंबर प्लेट बघ. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या प्लेटची कोणाची तरी घरची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नको, ते बेकायदेशीर आहे, वाटेत अडवली तर दंड आणि अपघात झाला तर विमावाले हात वर करतील. तुझ्या फेऱ्यात गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशी तीन राज्यं येतात तेव्हा परमिट तिन्हीकडे चालतं का ते कागदावर बघ, तोंडी नको. लायसन्सचं टेन्शन घेऊ नको, साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते, भाड्याची असली तरी, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. बाकी आपल्याकडे बहुतेक कॅम्पर ड्रायव्हरसकटच देतात, आणि हनिमूनला ड्रायव्हर म्हणजे तो बिचारा रात्री झोपणार कुठे हा प्रश्न रोज संध्याकाळी येतो, म्हणून सेल्फ ड्राइव्ह मिळत असेल तरच घे असं माझं मत.

दुसरं म्हणजे बॅटरी. आम्हाला सांगितलं होतं एसी रात्रभर चालेल. पहिल्याच रात्री साडेअकराला एसी गेला, फ्रिज गेला, पंखा पण गेला, घेतलेले बांगडे सकाळी टाकून द्यावे लागले आणि बायको रडकुंडीला आली. नंतर एका इलेक्ट्रिशियन मित्राने हिशोब समजावला, १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज, आणि एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे बॅटरी नवीन असली तरी दोन-अडीच तासांच्या वर नाही. रात्रभर एसी पाहिजे तर गाडी बाहेरच्या प्लगला लावावी लागते. डिसेंबरात आंबोलीला एसी लागतच नाही, उलट दोन रजया घे, पण मालवणच्या बाजूला दमट असतं, तिथे वरची खिडकी आणि छोटा पंखा पुरतो. घेताना त्यांच्यासमोर तासभर सगळं चालवून बघ, लाजू नको, पैसे तू देणार आहेस.

पाणी: आमची टाकी १०० लिटरची होती, बादलीने आंघोळ केली तर दोन दिवस, शॉवर सोडला तर एकच. प्यायचं पाणी वेगळं ठेव. गॅसचा छोटा सिलिंडर असेल तर गाडी चालू करण्याआधी त्याचा कॉक बंद, हे एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने बघायचं.

आंबोलीला हिरण्यकेशी बघ, गुहेतून नदी उगम पावते, छोटं देऊळ आहे, पाणी एवढं थंड की पाय टाकवत नाही. मग सावंतवाडीला मोती तलाव, गावाच्या मधोमध, संध्याकाळी काठावर बसायला छान. आणि धामापूर चुकवू नको, कुडाळहून मालवणला जाताना लागतं. १५३० सालचं तळं, काठावर भगवतीचं देऊळ, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालाय. तुम्हा दोघांना एकाच जागी डोंगर आणि पाणी हवंय ना, ते तिथे आहे. आम्ही दुपारी तासभर म्हणून थांबलो आणि ऊन उतरेपर्यंत उठलोच नाही.

डिसेंबर म्हणजे इकडे जत्रांचे दिवस, कुठल्यातरी गावात दशावतार असणारच. गावात विचारायचं, गाडी देवळापासून जरा लांब लावायची आणि रात्री पेटीचा आवाज यायला लागला की चादर घेऊन जाऊन बसायचं. हनिमूनला याच्यापेक्षा चांगली रात्र मला तरी माहीत नाही.

येताना रेडीवरून तेरेखोल किल्ला बघ. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतांकडून घेतला, म्हणून नदीच्या आमच्या बाजूला असूनही तो तुकडा गोव्याचा. तिथून समोर पेडण्याची केरी दिसते आणि फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पार व्हावंसं वाटतं, पण कॅम्परने करू नको. ओहोटीला धक्का आणि बोट यांच्यात उतार खूप होतो, पुढची चाकं वर चढली की मागचं बूड दगडाला घासतं, आमच्या गाडीचा सांडपाण्याचा पाइप तिथेच तुटला. मागे फिरून आरोंदा-किरणपाणी पुलावरून ये.

काणकोणची_माई

बाळा, तुझ्या सासूबाईंना काळजी वाटते ते बरोबरच आहे, मला दोन मुली आहेत. पण त्याला उत्तर आहे. रात्री सुनसान जागी, कड्यावर, समुद्राच्या वाळूवर गाडी लावायचीच नाही. फोटोत छान दिसतं तेवढंच. आपल्या गोव्यात देवळांना अग्रशाळा असतात, म्हणजे भाविकांना राहायच्या खोल्या, तिथे ऑफिसात जाऊन, कुठून आलो, नवीन लग्न झालंय, गाडी आवारात लावू का असं विचारलं तर बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तरी दुसरी जागा सांगतात. खोली मिळाली तर घ्या, आंघोळ होते, गाडीची टाकी भरून घेता येते. देवळाचे नियम पाळायचे, आवारात मासे-मटण शिजवायचं नाही, हे तुला सांगायला नकोच. देऊळ नसेल तर घरगुती खानावळ, जेवण तिथे घ्यायचं आणि रात्री गाडी लावू का म्हणून विचारायचं. ज्या घरी जेवलं ते घर रात्री लक्ष ठेवतं. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, असे कितीतरी लोक राहून गेलेत.

किनाऱ्यावर गोव्यात उघड्यावर स्वयंपाक करू नका, दारूची बाटली उघडू नका. २०१९ पासून कायदा कडक आहे, तेव्हा एकट्याला दोन हजार आणि ग्रुपला दहा हजार दंड होता, नंतर तो आणखी वाढवलाय. गाडी वाळूवर न्यायलाही बंदी आहे, आणि रुतली की भरतीच्या आधी निघेलच असं नाही.

आमच्याकडे गालजीबाग आणि आगोंदला कासवं अंडी घालायला येतात. तुम्ही डिसेंबरात आलात तर तो हंगाम सुरू झालेला असतो. तिथे जवळपास थांबलात तर किनाऱ्याकडच्या खिडक्यांना पडदे आणि बाहेरचा दिवा बंद. मादी उजेड बघून परत पाण्यात जाते, आणि पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राकडे जायचं सोडून. मी एकदा पहाटे वनखात्याच्या माणसांबरोबर उभी होते, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी पिल्लं, एक एक करून ओल्या वाळूपर्यंत पोचत होती, आणि पहिली लाट आली की उलटी होऊन परत सरळ व्हायची. ते बघून मी घरी आल्यावर व्हरांड्यातला मोठा दिवा काढून टाकला.

संडासचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. गाडीत कॅसेटवाला असतो, वीस लिटरच्या आसपासचा डबा, दोघांना दोन दिवस पुरतो. तो ओढ्यात, शेतात, रस्त्याच्या कडेला कधीच ओतायचा नाही. पेट्रोल पंपाच्या किंवा अग्रशाळेच्या संडासात, विचारून, आणि नंतर दोन बादल्या पाणी टाकून जागा धुऊन यायची. हे काम नवऱ्याने करावं. तू गाडी चालवतेयस ना, मग हे त्याच्याकडे, पहिल्या दिवसापासून.

शेवटचे दोन दिवस दक्षिणेला ठेव. खोलगडच्या किल्ल्यावर सूर्यास्त बघ, मग सकाळी नेत्रावळीला, गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. काठावर बसून टाळी वाजवली की बुडबुडे जास्त येतात असं आमचे लोक म्हणतात, तुम्ही दोघं वाजवून बघा. तिथून साळावली धरण. पाणी सांडव्यावरून पडताना बघायचं तर पावसाळ्यात यावं लागतं, पण डिसेंबरात तळं भरलेलं असतं. त्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावचे लोक देवळाकडे परत जातात. मी तिथे गेले की नेहमी थोडा वेळ गप्प उभी राहते.

पणजीवाला_निख

सगळं छान लिहिलंय. माझं एकच वेगळं मत आहे, सगळ्या रात्री गाडीत झोपू नका. दर तिसऱ्या रात्री होमस्टे घ्या, कपडे धुता येतात, पाय पसरून झोपता येतं. आम्ही हट्टाने सात रात्री गाडीत काढल्या आणि पाचव्या दिवशी मोजे कुठे ठेवलेस यावरून असं भांडलो की दुपारभर बोललो नाही. प्रेम होतं, जागा नव्हती. आणि एकमेकांना रोज अर्धा तास एकटं सोडा, एकाने चालून यायचं, दुसऱ्याने गाडीत बसायचं.

फोंड्याची_पोर

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच डोळ्यात पाणी आलं. काल त्याच्याबरोबर बसून सगळं परत लिहून काढलं: तांबडी सुर्ला, आंबोली दोन रात्री, धामापूर, मालवणला होमस्टे, वेंगुर्ला, तेरेखोल बघून पुलावरून परत, मग काणकोण, नेत्रावळी, साळावली आणि घरी. महाबळेश्वर गेलं, गोकर्ण गेलं. जास्तीत जास्त दिवशी चार तास ड्रायव्हिंग, तेही फक्त बेळगावच्या दिवशी.

माईंचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. अग्रशाळेचं ऐकून त्यांचा चेहराच बदलला, आणि कॅसेटचं काम त्यांच्या मुलाचं हे ऐकून त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. आता त्या म्हणतायत फळकुटं आपल्या माडीवर पडलेली आहेत ती घेऊन जा, आणि स्टीलचा पेला त्यांच्या लग्नातला देणार आहेत, त्यावर नाव कोरलेलं आहे.

गाडी लग्नाआधी एक दिवस भाड्याने घेऊन फोंडा ते अंजुणे आणि परत असं चालवून बघणार आहे. डिचोलकर काका, त्या दिवशी तुम्हाला वेळ असेल तर शेजारी बसाल का? तारीख मेसेज करते.

डिचोलकर_७१

येतो गो. सकाळी सातला निघू, ऊन चढायच्या आत घाट होईल. फळकुटं तेव्हाच घेऊन ये, कशी लावायची दाखवतो.